कर्णधार विकला, सोबत तरुणही गेला: न्यूयॉर्क रेंजर्स, फेब्रुवारी २०१८

प्रकरण अभ्यासात सहसा नावं बदलतात. इथे तसं करण्यात अर्थ नाही, कारण झालं ते सगळं जाहीरपणे झालं. ८ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यूयॉर्क रेंजर्स या आइस हॉकी संघाचे अध्यक्ष ग्लेन सेदर आणि जनरल मॅनेजर जेफ गॉर्टन यांनी चाहत्यांना उघड पत्र लिहिलं. संघ नव्याने उभा करायचा आहे, तरुणांना जागा द्यायची आहे आणि त्यासाठी तुमचे-आमचे लाडके काही खेळाडू जातील, असा त्याचा आशय होता. ट्रेड डेडलाइनला, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या तारखेला, तेव्हा अठरा दिवस उरले होते. त्या अठरा दिवसांत पाच जण गेले, त्यात कर्णधारही होता.

हे सौदे बरोबर होते की चूक, यावर तिथले चाहते अजून भांडतात. मला त्यातली एक गोष्ट जास्त विचार करण्यासारखी वाटते. सर्वांत म्हाताऱ्या, करार संपत आलेल्या खेळाडूच्या बदल्यात सर्वांत जास्त मिळालं आणि सर्वांत मौल्यवान खेळाडूच्या बदल्यात त्याच्या मानाने सर्वांत कमी. यात नशिबाचा भाग आहेच, पण सगळंच नशीब नाही.

पार्श्वभूमी

रेंजर्स हा नॅशनल हॉकी लीगमधला जुना आणि श्रीमंत संघ आहे. त्याचं घर मॅडिसन स्क्वेअर गार्डन. शेवटचा स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, १९९४ साली मिळाला. गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्टच्या जोरावर संघ २००६ पासून २०१७ पर्यंत एक वर्ष वगळता दरवर्षी प्लेऑफमध्ये होता. २०१४ मध्ये तो अंतिम फेरीत पोचून लॉस एंजेलिस किंग्जकडून हरला. २०१५ मध्ये साखळीत पहिला आला आणि उपांत्य मालिकेत सातव्या सामन्यात टँपा बे लाइटनिंगकडून गेला.

अगदी दाराशी पोचलेला संघ जे करतो, तेच रेंजर्सने केलं: उद्याचं विकून आजचं घेतलं. या लीगमध्ये नवे खेळाडू दरवर्षी जूनमधल्या ड्राफ्टमधून येतात: संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात, तळाचे संघ आधी आणि वरचे शेवटी. प्रत्येक फेरीतला आपला क्रमांक, ज्याला ‘पिक’ म्हणतात, दुसऱ्या संघाला देऊन टाकता येतो. रिक नॅश, मार्टिन सेंट लुई आणि कीथ यँडल यांना आणताना रेंजर्सने २०१३ ते २०१६ या सलग चार वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक देऊन टाकले. कप आला असता तर कुणी हिशेब मागितला नसता.

आयपीएलमुळे ‘ट्रेड’ हा शब्द आपल्याला नवा नाही. हार्दिक पांड्या २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गुजरातहून मुंबईकडे परतला तो ट्रेडनेच. फरक असा की तिथे हे मोसमाच्या आधी होतं आणि इथे ऐन मोसमात. फेब्रुवारी-मार्चमधल्या एका दुपारी तीन वाजेपर्यंत मुभा असते. नंतर अदलाबदल केली तरी खेळाडूला त्या मोसमात नव्या संघाकडून उतरता येत नाही. म्हणून कपाच्या शर्यतीतले संघ त्या तारखेआधी अनुभवी माणसं गोळा करतात आणि मागे पडलेले संघ ती विकतात. करार त्याच उन्हाळ्यात संपणाऱ्या खेळाडूला तिथे सरळ ‘रेंटल’ म्हणतात, म्हणजे तीन-चार महिन्यांसाठी भाड्याने घेतलेला.

अडचण काय होती

२०१७ च्या उन्हाळ्यातच डागडुजी सुरू झाली होती. पहिल्या फळीचा सेंटर (मधला आघाडीवीर) डेरेक स्टेपन ॲरिझोनाला दिला आणि त्याच्या बदल्यात सातव्या क्रमांकाचा पिक घेतला. पण त्याच उन्हाळ्यात बचावपटू केव्हिन शॅटनकर्कशी चार वर्षांचा महागडा करारही केला. एक पाय पुढे, एक मागे. मोसम सुरू झाला आणि दुखण्यांनी घेरलं. शॅटनकर्कच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, तर आघाडीचा ख्रिस क्रायडर रक्ताच्या गुठळीमुळे बाहेर बसला. ७ फेब्रुवारीला बोस्टनकडून ६-१ अशी हार झाली आणि दुसऱ्या दिवशी पत्र निघालं.

त्या दिवशी संघ शर्यतीतून बाद झालेला नव्हता, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. प्लेऑफची शेवटची जागा काही गुणांवर होती. म्हणजे दुकान बंद झाल्यावर माल काढला असं नाही, चालू दुकानातला माल काढायचं ठरवलं. या धंद्यात हे कठीण असतं, कारण तिकिटं विकायची असतात आणि मालकाला उत्तर द्यायचं असतं.

पेच तारखांचा होता. नॅश ३३ वर्षांचा, आघाडीचा मायकेल ग्रॅबनर आणि बचावपटू निक होल्डन तिशीतले, आणि तिघांचेही करार १ जुलैला संपणार होते. विकले नाहीत तर ते फुकट जाणार. कर्णधार रायन मॅकडॉना २८ वर्षांचा, वर्षाला ४७ लाख डॉलर एवढ्या स्वस्त करारावर होता, आणि तो करार २०१९ पर्यंत होता. आघाडीचा जे. टी. मिलर अवघा २४ वर्षांचा. त्याचा करार संपत होता, पण वयामुळे त्याचे हक्क संघाकडेच राहणार होते.

एकाच बाजारात उभी असलेली ही दोन वेगळ्या जातीची माणसं होती. पहिल्या तिघांना घड्याळ होतं. मॅकडॉना आणि मिलर यांना त्या दिवशीचं घड्याळ नव्हतं.

समोरचे पर्याय

आतल्या बैठकांत काय बोलणं झालं ते बाहेरच्याला कळत नाही, पण कागदावर चार वाटा दिसतात.

पहिली: काहीच विकायचं नाही, शेवटच्या जागेसाठी झुंजायचं. पहिल्या फेरीत गारद होण्याची शक्यता मोठी आणि जुलैत तीन खेळाडू हातचे जाणार. पत्राने ही वाट बंद केली, आणि ते योग्यच झालं.

दुसरी: फक्त करार संपणाऱ्यांना विकायचं. नुकसान नाही, पण नव्या संघाचा पायाही त्यातून रचला जात नाही. निदान तेव्हा तसं वाटत होतं.

तिसरी: ज्यांची मुदत किंवा हक्क शिल्लक आहेत त्यांनाही बाजारात ठेवायचं. मॅकडॉना, मिलर, मॅट्स झुकारेलो, केव्हिन हेज. अशा खेळाडूची किंमत जास्त येते, कारण घेणाऱ्याला एका कपाऐवजी दोन कपांची संधी मिळते.

चौथी: मुळापासून सगळं उपटायचं, लुंडक्विस्टसकट. तो ३५ वर्षांचा होता, २०२१ पर्यंत वर्षाला ८५ लाख डॉलरचा करार आणि संमतीशिवाय हलवता येणार नाही असं कलम. शिवाय न्यूयॉर्कमध्ये त्याला विकणं म्हणजे विषयच बंद.

संघाने तिसरी वाट धरली, तीही अर्धी. झुकारेलो आणि हेज राहिले, मॅकडॉना आणि मिलर गेले.

प्रत्यक्षात काय केलं

२० फेब्रुवारीला बचावपटू निक होल्डन बोस्टनला गेला. बदल्यात तिसऱ्या फेरीचा पिक आणि रॉब ओगारा हा तरुण बचावपटू आला. किरकोळ सौदा.

२२ तारखेला मायकेल ग्रॅबनर न्यू जर्सी डेव्हिल्सकडे. नदीपलीकडचे सख्खे वैरी, आणि डेव्हिल्स न्यू जर्सीत आल्यापासून या दोघांत कधी व्यवहार झाला नव्हता. ग्रॅबनरने त्या मोसमात रेंजर्ससाठी २५ गोल केले होते आणि पगार होता जेमतेम १६.५ लाख डॉलर. बदल्यात दुसऱ्या फेरीचा पिक आणि येगोर रिकोव्ह मिळाला. वैर बाजूला ठेवून जो जास्त देईल त्याला विकलं, एवढं श्रेय द्यावंच लागेल.

२५ तारखेला नॅश बोस्टनकडे, आणि हा सौदा नीट उलगडून पाहण्यासारखा आहे. नॅशचा पगार वर्षाला ७८ लाख डॉलर. लीगमध्ये त्या वर्षी संघाची पगारमर्यादा ७.५ कोटी होती, त्यामुळे कपाच्या शर्यतीतल्या संघाकडे एवढी जागा सहसा नसते. रेंजर्सने त्याचा निम्मा भार स्वतःच्या खात्यावर ठेवला. नियम तेवढीच मुभा देतो. वर बोस्टनला जड झालेला मॅट बेलेस्कीचा करारही निम्म्या भाराने घेतला. म्हणजे नॅशबरोबर रेंजर्सने स्वतःच्या खात्यातली मोकळी जागाही विकली. त्याची किंमत: पहिल्या फेरीचा पिक, रायन स्पूनर, बचावपटू रायन लिंडग्रेन आणि पुढच्या वर्षीचा सातव्या फेरीचा पिक. (या प्रकरणात रायन फार आहेत, त्याला इलाज नाही.) लिंडग्रेन तेव्हा मिनेसोटा विद्यापीठात खेळत होता. बातमीत त्याचं नाव शेवटी-शेवटी यायचं.

मग २६ तारीख. मॅकडॉना दुखापतीमुळे काही दिवस खेळतच नव्हता. डेडलाइनच्या अगदी तोंडावर बातमी आली की तो टँपाला गेला. बरोबर मिलरही गेला, हे ऐकून अनेक जण चमकले. बदल्यात व्लादिस्लाव नामेस्निकोव्ह, ब्रेट हाउडन आणि लिबोर हायेक हे दोन होतकरू, त्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक आणि २०१९ चा दुसऱ्या फेरीचा पिक. टँपाने त्या दोन वर्षांत कप जिंकला तर हा शेवटचा पिक पहिल्या फेरीचा होणार होता.

मोजणीला पाच गोष्टी. पण बारकाईने बघा. नामेस्निकोव्हने त्या मोसमात टँपासाठी २० गोल केले होते, ते बरेचसे स्टॅमकोस आणि कुचेरोव्ह या टँपाच्या बड्या आघाडीवीरांच्या बाजूला खेळताना. त्या दोघांच्या बाजूला बऱ्याच जणांचे गोल होतात. न्यूयॉर्कला आल्यावर उरलेल्या १९ सामन्यांत त्याचे दोन गोल झाले. टँपा साखळीत वरच्या स्थानी असल्यामुळे तिचा पहिल्या फेरीचा पिक म्हणजे फेरीचं शेपूट, हे सौदा करतानाच दिसत होतं. आणि अट लावलेला पिक तेव्हाच मोठा होणार, जेव्हा टँपाला कप मिळेल. टँपा २०१८ मध्ये उपांत्य फेरीत वॉशिंग्टनकडून हरली आणि २०१९ मध्ये पहिल्याच फेरीत कोलंबसकडून चार-शून्य. पिक दुसऱ्या फेरीचाच राहिला.

पुढे काय झालं

मोसम ७७ गुणांवर, विभागात तळाला संपला. प्रशिक्षक अलँ व्हिन्यो यांना काढलं आणि विद्यापीठातून डेव्हिड क्विन यांना आणलं.

आता नॅशचा हिशेब. बोस्टनकडून आलेला पिक २६ वा निघाला, ग्रॅबनरच्या बदल्यात आलेला ४८ वा. हे दोन्ही ओटावाला देऊन रेंजर्स २२ व्या जागी चढले आणि केआंद्रे मिलर हा बचावपटू घेतला (जे. टी. शी काही संबंध नाही). तो २०२०-२१ पासून पाच मोसम पहिल्या चार बचावपटूंत खेळला. स्पूनर नऊ महिन्यांतच एडमंटनला गेला, त्याच्या जागी रायन स्ट्रोम आला आणि आर्टेमी पनारिनच्या फळीत चांगला जमला. लिंडग्रेन तर अ‍ॅडम फॉक्सचा जोडीदार झाला. फॉक्सने २०२१ मध्ये सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी मिळवली, तेव्हा पलीकडची बाजू लिंडग्रेन सांभाळत होता. भाड्याने दिलेल्या एका खेळाडूतून, ग्रॅबनरच्या पिकची जोड धरून, तीन नियमित खेळाडू उभे राहिले. नॅशला बोस्टनमध्ये डोक्याला मार लागला आणि जानेवारी २०१९ मध्ये तो निवृत्त झाला. बोस्टनचा डाव फसला. पण त्यामुळे रेंजर्सची हुशारी वाढत नाही, ती सौद्याच्या रचनेतच होती.

मॅकडॉनाचा हिशेब उलटा. हायेक टिकला नाही. हाउडन तीन मोसम खेळून व्हेगासला गेला आणि तिथे २०२३ चा कप उंचावला. नामेस्निकोव्हला २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ओटावाला देऊन टाकलं. टँपाच्या पिकवर, २८ व्या जागी, घेतलेला निल्स लुंडक्विस्ट (गोलरक्षकाचा नातेवाईक नव्हे) उजव्या बाजूला फॉक्स असल्यामुळे अडकला आणि २०२२ मध्ये डॅलसला गेला. त्याच्या बदल्यात मिळालेला पहिल्या फेरीचा पिक २०२३ च्या डेडलाइनआधी व्लादिमीर तारासेंकोला आणताना खर्ची पडला. तोही रेंटलच. चक्र पुन्हा सुरू.

टँपाकडे मॅकडॉनाने २०२० आणि २०२१ असे दोन कप जिंकले. मिलरला टँपाने २०१९ मध्ये व्हँकुव्हरला देऊन पहिल्या फेरीचा पिक घेतला आणि तो पुढे ब्लेक कोलमन आणण्यासाठी वापरला. कोलमन दोन्ही कपांत होता. व्हँकुव्हरला गेलेल्या मिलरने २०२१-२२ मध्ये ९९ गुण (स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलला साहाय्य मिळून) नोंदवले.

रेंजर्सचा संघ शेवटी उभा राहिला, पण त्याला आणखी हातभार लागला. ड्राफ्टमधले पहिले क्रमांक ठरवणाऱ्या लॉटरीने २०१९ मध्ये दुसरा क्रमांक दिला, २०२० मध्ये पहिला. पनारिन २०१९ च्या जुलैत आला तो मोकळ्या बाजारातून, सात वर्षांसाठी ८.१५ कोटी डॉलरवर. फॉक्सचे हक्क कॅरोलायनाकडे असतानाही त्याला न्यूयॉर्कलाच यायचं होतं. २०२२ मध्ये संघ ११० गुणांवर पोचला आणि उपांत्य मालिकेत हरला तो टँपाकडून, जिच्या बचावफळीत मॅकडॉना होता. २०२४ मध्ये साखळीत ११४ गुणांसह पहिला आला आणि पुन्हा उपांत्य फेरीत थांबला. जानेवारी २०२५ मध्ये रेंजर्सने व्हँकुव्हरकडून एक सेंटर विकत घेतला. त्यासाठी फिलिप खिटिल, एक तरुण बचावपटू आणि पहिल्या फेरीचा सशर्त पिक द्यावा लागला. तो सेंटर होता जे. टी. मिलर, वय ३१. सप्टेंबरमध्ये त्याला कर्णधार केलं.

वेगळं काय करता आलं असतं

मुख्य निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. शर्यतीत असतानाच विकायला बसणं आणि ते लोकांना आधी सांगणं, दोन्हीला हिंमत लागते. पत्रामुळे भाव पडतील अशी टीका तेव्हा झाली. सगळ्यांना कळलंय की तुम्ही विकणारच, मग चढा भाव कोण देईल? नॅशच्या सौद्याने ती टीका खोटी पाडली. घेणारे एकाहून जास्त असतील तर विकणाऱ्याची गरज कळली म्हणून काही बिघडत नाही.

मॅकडॉनाच्या बाबतीत मात्र घाई उगाच ओढवून घेतली. त्याच्या करारात आणखी एक पूर्ण मोसम होता. जूनमध्ये ड्राफ्टच्या वेळी एकतीसपैकी बहुतेक संघ खरेदीला मोकळे असतात, पगारमर्यादेची जागाही असते आणि मॅकडॉनाची दुखापतही तोवर बरी झाली असती. डेडलाइनला खरेदीदार फक्त कपाचे दावेदार, म्हणजे ज्यांचे पिक शेवटी येतात असेच संघ. याला उलट बाजूही आहे: दोन प्लेऑफची संधी जूनमध्ये एकावर येते, त्यामुळे किंमत थोडी उतरली असती. तरी पोचट पिक आणि उसन्या उजेडातला आघाडीवीर घेण्यापेक्षा ते परवडलं असतं, असं माझं मत.

त्याहून मोठा प्रश्न मिलरचा. पत्रात तरुणांना पुढे आणण्याची भाषा होती आणि ६३ सामन्यांत ४० गुण केलेला २४ वर्षांचा खेळाडू बाहेर गेला. उन्हाळ्यात त्याला मोठा पगार द्यावा लागणार होता, हे खरं. टँपाने त्याला वर्षाला ५२.५ लाखांचा करार दिला. पण खर्च कमी करायची निकड कपाच्या शर्यतीतल्या संघाला असते, नव्याने बांधणाऱ्याला नसते. मिलरला जोडल्यामुळे बदल्यातल्या वस्तूंची यादी लांब दिसली आणि कर्णधाराला किती मिळाले, हे कुणाला वेगळं काढून पाहता आलं नाही. कदाचित विकणाऱ्यांनाही नाही. दोन खेळाडूंचे दोन सौदे केले असते, तर प्रत्येकाची किंमत स्वतंत्रपणे कळली असती आणि त्यातला एक तरी ‘नको’ म्हणून थांबवता आला असता.

तिसरी उणीव पत्रातच होती. किती वर्षं लागतील याचा त्यात अंदाज नव्हता, आणि मालकाने तो जाहीरपणे मान्य करावा अशी तजवीजही नव्हती. पुढच्या दोन वर्षांत संघाने पनारिन आणि जेकब ट्रूबासारखे महाग खेळाडू घेतले, आणि अपेक्षा बांधकामाच्या पुढे धावू लागल्या. २०२१ च्या मे महिन्यात, संघ वर येण्याच्या एक वर्ष आधी, गॉर्टन आणि सेदर यांच्यानंतर अध्यक्ष झालेले जॉन डेव्हिडसन यांना एकाच दिवशी घरी पाठवलं.

गॉर्टन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॉन्ट्रियल कनेडियन्सकडे हॉकी विभागाचे प्रमुख म्हणून गेले. तो संघही तळाला होता आणि २०२२ ची डेडलाइन समोर होती. नवे जनरल मॅनेजर केंट ह्यूज यांच्या साथीने त्यांनी टायलर टॉफोलीला कॅलगरीला, बेन शिआरोला फ्लोरिडाला आणि आर्टुरी लेहकोनेनला कोलोरॅडोला दिलं. तीन खेळाडू, तीन वेगळे संघ, तीन वेगळे सौदे. २२ वर्षांच्या निक सुझुकीला कुणाच्याही जोडीला लावलं नाही.